काढलेले पाटे

दौलताबादच्या अलीकडं एक गतिरोधक आहे, त्यावर पांढरे पट्टे कधी कुणी मारलेले नाहीत. त्या शुक्रवारी तो मला दिसला तेव्हा ब्रेक दाबून उपयोग नव्हता. पिकअपची पुढची चाकं गेली, मग मागची गेली, रिकामा हौदा वर उडून खाली आपटला, आणि माझ्या शेजारी बसलेल्या आईच्या तोंडून एक आवाज निघाला. त्याला कण्हणं म्हणता येणार नाही. आईचं कण्हणं मला चांगलं माहीत आहे. त्यात थोडी तक्रार असते, आपल्याकडं कुणाचं लक्ष आहे का याची थोडी चाचपणी असते, आणि लक्ष नाही असं दिसलं तर ते आपोआप बंदही होतं. हा आवाज कुणासाठीच नव्हता. भरलेलं पोतं फरशीवर टाकलं की त्यातून हवा निघते तसा तो निघाला, आणि आई मात्र तो दुसऱ्याच कुणाचा असावा तशी समोर बघत बसली. मी विचारलं, लागलं का? म्हणाली, कुठं काय. पुढं खुलताबादपर्यंत मी गाडी तिसऱ्या गिअरच्या वर टाकली नाही, तरी प्रत्येक खड्ड्याच्या आधी तिचा उजवा हात दाराच्या कडीकडं जायचा आणि पाय पुढच्या पत्र्याला रेटायचे. दीड वर्ष मी तिला याच गाडीतून नेत होतो, आणि ती हे दीड वर्ष करत असणार. मी कंपनीत स्टोअर सांभाळतो. कुठल्या फडताळात कुठल्या मापाचे किती नटबोल्ट आहेत हे मी डोळे मिटून सांगेन. शेजारच्या सीटवर काय चाललंय ते मला अठरा महिन्यांनी दिसलं.

आईला मंगळवारी आणि शुक्रवारी मशीनवर घ्यावं लागतं. मूत्रपिंडं गेली म्हटलं की लोक हळहळतात, डायलिसिस म्हटलं की किती वेळ लागतो ते विचारतात, म्हणून मी डायलिसिस म्हणतो. चार तास लागतात. आधी वजन, नंतर वजन, मधला फरक म्हणजे काढलेलं पाणी. त्या शुक्रवारी दोन किलो सातशे निघालं होतं. इतकं पाणी काढल्यावर माणूस कसा होतो ते सांगता येत नाही, आईला विचारलं तर म्हणते, धुतलेल्या गोधडीसारखं. सोमवारपर्यंत ती पिशोरला कडुबाकडं असते, माझ्या थोरल्या भावाकडं. मंगळवारी पहाटे कडुबा गाडीत अद्रक भरतो, आईला पुढं बसवतो, मोंढ्यात माल उतरवतो आणि आठच्या सुमाराला चिकलठाण्याला माझ्या दारात आईला आणि गाडीला सोडून बसनं परत जातो. शुक्रवारी मशीनवरून उतरली की मी तिला त्याच गाडीतून पिशोरला नेतो, आईला आणि गाडीला तिथं सोडतो आणि बसनं परत येतो. म्हणजे आई आणि गाडी कायम एकत्रच या ताब्यातून त्या ताब्यात जातात. शेजारचे अतुल सर एकदा म्हणाले की तुमच्या घरात फार शिस्त आहे हो. मी हो म्हणालो. शिस्तीचं कारण सांगितलं नाही. कारण असं की आम्ही दोघं भाऊ सहा वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही.

शिवीगाळ झाली नव्हती. तशी झाली असती तर चार महिन्यांत मिटली असती, आमच्या भावकीत कुऱ्हाडी उगारलेले लोक पुढच्या लग्नात एका पंगतीला बसतात. वडील गेले, तेरावा झाला, आणि पाहुणे असतानाच वाटणी उरकावी असं मामांनी सुचवलं. मी सवयीनं वही काढली. घरातल्या वस्तू लिहायला घेतल्या: हंडे, परात, फवारणीचे पंप, पाइप किती फूट, विळे किती. मला वाटलं मी मदत करतोय. कडुबा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, पंचनामा करायला आलास का? लोक हसले, मीही हसलो. जमीन झाली, विहीर झाली, घर झालं. पिकअप राहिली, कारण तिचे दोन तुकडे होत नाहीत. दोघांत ठेवा, असं मामा म्हणाले, आणि मी, लेखणी हातातच होती माझ्या, म्हणालो की ठेवू, पण ती सात वर्षं कडुबाच्या हाताखाली झिजली, ती झीज कुणाच्या नावावर धरायची? मला खरंच उत्तर हवं होतं असं नाही. स्टोअरमध्ये हा प्रश्न रोज पडतो आणि कुणाला त्याचा राग येत नाही. कडुबानं उत्तर दिलं नाही. त्या दिवशी दिलं नाही, आणि मग देण्याचा दिवस आलाच नाही. वडील असतानाची सात वर्षं गाडी त्यानं चालवली म्हणजे बैलासारखी चालवली होती, मक्याच्या, कपाशीच्या, कुणाच्या मयताच्या, कुणाच्या वऱ्हाडाच्या खेपांना. आणि माझ्या लग्नाची भांडीसुद्धा तीच वाहून आली होती. हे मला बोलून झाल्यावर आठवलं. मला बऱ्याच गोष्टी बोलून झाल्यावर आठवतात.

तेव्हापासून आमचं बोलणं आईच्या तोंडून होतं. मी आईला म्हणतो, कडुबाला सांग. ती म्हणते, सांगते. सोमवारी तो तिला म्हणतो, अजिनाथला सांग. ती म्हणते, सांगते. मला पुष्कळ दिवस वाटायचं की काम चोख चाललंय. मग एका लग्नात मालनबाई भेटल्या, कडुबाची बायको. त्या माझ्याशी बोलतात, बायकांना आम्ही त्यात ओढलेलं नाही. मी त्याच महिन्यात निरोप पाठवला होता की गाडीत शेळ्यांच्या लेंड्या तशाच राहतात, वास येतो, आईला उलटी होते, निदान धुऊन तरी पाठवत जा. मालनबाई कौतुकानं म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा निरोप ऐकून हे लई खूश झाले बघा. गाडी लई जपून ठेवत्यात म्हणले म्हणं तुम्ही." मी घास चावत राहिलो. मग मनाशी उलटा हिशोब केला: कडुबाकडून मला आलेले निरोप. तब्येतीला जप म्हणतो. पोरीच्या परीक्षेचं विचारत होता. तुझ्या वाट्याच्या आंब्याला मोहोर चांगलाय म्हणतो. कडुबा असं काही म्हणणारा माणूसच नाही. सहा वर्षं मी ज्या भावाशी बोलत होतो तो आईनं शिवून तयार केला होता, आणि त्याच्याकडंही असाच एक मी असणार, सगळ्या टोचणाऱ्या गोष्टी काढून घेतलेला. घरी येऊन बायकोला, मंजुषाला, सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. म्हणाली, तुम्हा दोघांपेक्षा ते दोघं बरेत की. मीही हसलो आणि आईला काही बोललो नाही. हे मला माहीत होतं, एवढं इथं नोंदवून ठेवतो.

त्या गतिरोधकानंतरच्या मंगळवारी आई मशीनवर होती त्या चार तासांत मी गाडी चंपा चौकापुढच्या खाजाभाईंकडं नेली. ते कमानवाले आहेत, म्हणजे चाकांवर गाडीला तोलून धरणारे पोलादी पाटे बसवतात, काढतात, तापवून ठोकून त्यांना पुन्हा वाक देतात. वय सत्तरीच्या घरात, डोळ्यांना मोतीबिंदू. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, हात लावला नाही, आणि म्हणाले, "ये गाडी नई भाऊ, बिच्छू है. दुम उठाके खडी है." खरंच तशी होती. पुढून वाकलेली आणि मागून वर. मग खाली बसून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत त्यांनी विती टाकल्या: पुढं दोन विती आणि दोन बोटं, मागं तीन विती. मागं कडुबानं कन्नडला दोन जादा पाटे घालून घेतले होते. सोळा-सतरा क्विंटल भरलं की ती सरळ व्हायची. रिकामी असली की दगडासारखी कडक. ओझ्याशिवाय तिला नीट चालताच येत नव्हतं. मी विचारलं, काय करता येईल? म्हणाले, मागचे दोन काढू, पुढच्या कमानीला वाक देऊ, ही दोनदा रबर चढवलेली टायरं फेकून रुंद रेडियल टाकू, हवा चाळीसच्या वर भरायची नाही. मग बोलता बोलता थांबले आणि माझ्याकडं नीट बघून म्हणाले, "अम्मा के पेट का पानी बी नई हिलेंगा. मगर दस क्विंटल के उपर डाले तो मेरेकू नई बोलना. बैठ जायेंगी. टायर हौदे को घासेंगा." मी म्हणालो, माल भाऊ वाहतो. ते म्हणाले, "तो भाऊ को पूछो पैले."

विचारायचं. हा शब्द मला तिथं त्या तेलकट फळीवर बसून फार मोठा वाटला. विचारायचं म्हणजे तो नाही म्हणू शकतो, आणि त्याला नाही म्हणायचा हक्क आहे. अद्रकीचा हंगाम चालू होता. दहाच्या जागी सतरा क्विंटल जाणं म्हणजे एक खेप वाचणं. पाटे त्याचे. माझ्या बाजूला काय होतं? एक आवाज, ज्याला मला नाव देता येत नव्हतं. तो कडुबाला कसा सांगायचा? त्याच्या खेपेला ती ओझ्यासह बसते, भरलेली गाडी झुलते, उडत नाही. त्यानं तो आवाज कधी ऐकलाच नसणार. हे सगळं खरं होतं. आणि आणखी एक गोष्ट खरी होती, ती मी त्या दिवशी स्वतःपासून जरा आड ठेवली: आईला सुखानं आणणारा मी, आणि तिला पोत्यांसोबत आणणारा तो, असा एक फरक तयार होत होता, आणि तो मला आवडत होता. खाजाभाईंनी पुन्हा विचारलं, करू? मी म्हणालो, करा. भावाला सांगतो मी. त्यांनी यू-बोल्ट सोडले. दोन पाटे खणखणत फरशीवर पडले, माणसाच्या हाताएवढे लांब, कडांना घासून चकाकणारे. सोबत नेणार का म्हणून विचारलं, मी नको म्हणालो. ते त्यांनी भंगाराच्या ढिगावर टाकले. दुपारी गाडी उभी राहिली ती सरळ, चारी बाजूंनी सारखी, रुंद काळ्या टायरांवर. शेजाऱ्याच्या लग्नात नवा सदरा घालून उभ्या राहिलेल्या माणसासारखी जरा अवघडलेली.

शुक्रवारी आईला मशीनवरून उतरवून गाडीत बसवलं. पडेगाव गेलं, शरणापूर गेलं. तिचा हात कडीकडं गेला नाही. दौलताबादचा गतिरोधक आला, मी मुद्दाम फार हळू केली नाही, गाडी एकदा वर झाली आणि लोणी पसरावं तशी खाली बसली. आई माझ्याकडं बघत म्हणाली, "कुणाची गाडी आणली रे?" मी म्हणालो, आपलीच. तिनं डॅशबोर्डवर हात फिरवून खात्री केली. मग घाटात ती झोपली. दीड वर्षात ती या रस्त्यानं कधी झोपलेली नव्हती. तोंड उघडं, मान माझ्या बाजूला कललेली, मशीनच्या सुया टोचतात त्या हातावरची पट्टी पदराखाली. मी गाडी चालवताना तिच्याकडं इतक्या वेळा बघितलं की वेरूळजवळ एका बैलगाडीला घासता घासता राहिलो. कन्नडच्या पुढं ती जागी झाली तेव्हा मी सांगितलं. गाडी थांबवून सांगितलं. "आई, नीट ऐक. मागचे दोन पाटे काढलेत. कडुबाला सांग, दहा क्विंटलच्या वर एक पोतं टाकायचं नाय. टाकलं तर टायर घासून फुटंल." ती म्हणाली, सांगते. मी म्हणालो, म्हणून दाखव. आणि माझी एकाहत्तर वर्षांची आई शाळेतल्या पोरीसारखी म्हणाली, दोन पाटे काढले, दहाच्या वर नाय. मग जरा थांबून म्हणाली, "आणि टायरं? नवी टाकलीस व्हय?" मी म्हणालो, हो, नवी. "चारी?" चारी. तिनं मान हलवली, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं ते मी गाडी चालू करण्याच्या नादात नीट पाहिलं नाही. लहानपणी कुणी पाहुणा खाऊ घेऊन आला की तो दोघांत वाटण्याआधी तिचा असा चेहरा व्हायचा.

पिशोरला वस्तीवर पोहोचलो तेव्हा कडुबा पाण्याच्या हौदापाशी अद्रक धूत होता. पाइप हातात, धोतर गुडघ्यापर्यंत, चिखलाचं लाल पाणी पायाखालून वाहत होतं. त्यानं गाडीकडं पाहिलं. गाडीकडं बघताना त्याची नजर टायरांवर थोडी रेंगाळली, मग वर आली, माझ्यावरून सरकली आणि पुन्हा पाण्यात गेली. त्याच्या माझ्यात तीसेक पावलं असतील. मालनबाईंनी आईला धरून उतरवलं, मला पाणी दिलं. तीस पावलं म्हणजे अर्धा मिनिट. त्याच्यापाशी जाऊन सहा शब्द बोलायचे होते, माझ्या फोनमध्ये त्याचा नंबर होता, मालनबाई समोर उभ्या होत्या, त्यांना सांगता आलं असतं. मी पाण्याचा तांब्या परत दिला, बस चुकेल म्हणालो आणि निघालो. तेव्हा जे मनात आलं ते असं: आईला सांगितलंय, सांगायचं काम झालंय. स्टोअरमध्ये आम्ही माल दारापर्यंत पोहोचवून सही घेतो, पुढं त्याचं काय झालं ते आमच्याकडं नसतं.

शनिवार बरा गेला. रविवारी मंजुषानं विचारलं, भावजींना कळवलंत ना? मी म्हणालो, आईनं कळवलं असेल. ती भाजी निवडत होती, तिचा हात थांबला. "आईनी?" एवढंच म्हणाली, आणि मला लग्नातली ती पंगत आठवली आणि तोंडात त्या दिवशीच्या बुंदीची चव आली. मग मी स्वतःला समजावू लागलो. लेंड्यांची गोष्ट वेगळी, ही वेगळी. आई गोड करून सांगते ते जिथं भांडण होईल तिथं. इथं तर तिचाच जीव आहे, ती स्वतः पुढच्या सीटवर बसणार आहे, कोण असं करेल? सोमवारी कंपनीत दोनदा नंबर काढला. पहिल्यांदा माल आला, गाडी खाली करून घ्यावी लागली. दुसऱ्यांदा अंगठा नंबरावर होता, आणि मी विचार करू लागलो की पहिला शब्द कुठला म्हणायचा. कडुबा म्हणायचं की दादा? लहानपणी मी त्याला दादा म्हणायचो. सहा वर्षांत त्याच्यासाठी माझ्याकडं कुठलीच हाक उरली नव्हती. सुरुवातच सापडली नाही म्हणून मी फोन खिशात ठेवला. हे कारण आता लिहिताना फार लहान दिसतं. त्या दिवशी ते दारात आडव्या घातलेल्या लोखंडी गजासारखं होतं.

मंगळवारी आठ वाजले, नऊ वाजले. दहाची मशीनची वेळ. दवाखान्यातून फोन आला, पेशंट कुठंय? साडेदहाला मालनबाईंचा फोन. खुलताबादच्या पुढं उतारावर टायर फुटलं, गाडी कठड्याला टेकून उभी राहिली, कुणाला काही झालं नाही, आत्या, म्हणजे आमची आई, झाडाखाली बसल्यात, हे टायर आणायला गेलेत. मी विचारलं, किती भरलं होतं? त्या म्हणाल्या, सोळा, आणि वर दोन पोती तुमच्या घरासाठी. माझ्या घरासाठी. मी अतुल सरांची गाडी मागून निघालो, पण बारा वाजता तिथं पोहोचलो तेव्हा झाडाखाली कुणी नव्हतं. एका ओळखीच्या जीपवाल्याबरोबर तिला शहराकडं पाठवल्याचं मालनबाईंनी फोनवर सांगितलं. गाडी मागून पूर्ण बसली होती, डावं टायर कडेनं चिरलेलं, अद्रकीची पोती उन्हात तापून त्यांचा तो तिखट वास रस्त्यावर पसरला होता. कडुबा तिथंही नव्हता. झाडाखाली पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या पडल्या होत्या, रिकाम्या. आईला दिवसाला पाऊण लिटरच्या वर पाणी चालत नाही. एप्रिलच्या उन्हात पाच तास बसल्यावर तिनं मागितलं असणार आणि त्यानं दिलं असणार. मी त्या बाटल्या उचलून बघितल्या, का कोण जाणे, तळाशी काही उरलंय का ते.

मशीनची पुढची जागा बुधवारी सकाळची होती. मंगळवारी संध्याकाळीच तिला धाप लागली, आणि डॉक्टर म्हणाले फुप्फुसात पाणी आहे, अतिदक्षता विभागात घ्या. मी डॉक्टरांना आकडे सांगत राहिलो, शेवटचं वजन, काढलेलं पाणी, प्यायलेलं पाणी अंदाजे. त्यांनी ते लिहून घेतले नाहीत. बुधवारी दुपारी चार वाजता भेटायची वेळ होती. नियम एकाचा, पण सिस्टर नवीन होती, तिनं दोघांना सोडलं.

पलंगाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कडुबा. आईच्या तोंडावर घट्ट मास्क, त्यातून हवा जोरानं आत जात होती आणि तिचे गाल फुगत होते. तिचा मशीनचा हात कडुबाच्या बाजूला होता, त्यातून लाल नळ्या निघून पलंगाशेजारच्या यंत्रात जात होत्या. दुसरा माझ्याकडं. डोळे उघडे. ती आम्हा दोघांना आळीपाळीनं बघत होती, आणि मला जाणवलं की आम्ही दोघं एका खोलीत, हातभर अंतरावर, कितीतरी वर्षांनी उभे होतो, आणि ज्या तोंडातून आम्ही बोलायचो त्यावर पट्टा आवळलेला होता. कडुबाच्या शर्टाला अजून ग्रीस होतं. तो म्हातारा झाला होता. कानाशेजारचे केस पांढरे आहेत हे मला शुक्रवारी तीस पावलांवरून दिसलं नव्हतं.

तो आईकडं बघतच बोलला. "ही म्हणली, अजिनाथनं तुझ्यासाठी गाडीला नवी टायरं टाकली."

मी यंत्रावरचा आकडा वाचला.

"म्हणली, चारीच्या चारी. भावाची याद आली त्याला, म्हणली. आता मनासारखी भर. लई दिवसांनी ती इतकी खूश दिसली मला. म्हणून म्हणलं, या टायमाला दारातून परत नाय जायाचं. जेवून जाऊ. दोन पोती घातली व्हती तुला."

यंत्रानं एक बारीक शीळ घातली, सिस्टर येऊन बटण दाबून गेली. मी आईकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती. डोळ्यांत पाणी होतं, ते मास्कच्या हवेनंही येतं.

"पाट्याचं काय नाय म्हणली," कडुबा म्हणाला. "चाक काढलं तवा दिसलं मला. दोन कमी." आणि आता तो पहिल्यांदा माझ्याकडं वळला. "तू तिला सांगितलं व्हतंस का?"

खरं उत्तर हो होतं. मी सांगितलं होतं, तिच्याकडून म्हणवूनही घेतलं होतं. आणि हो म्हटलं की पुढची सगळी वर्षं, आई या पलंगावरून उठली तरी आणि नाही उठली तरी, ही गोष्ट तिच्या नावावर जाणार होती: तिनं निरोप गिळला, तिनं स्वतःला आणि थोरल्याला घाटात लोटलं. सोबत आणखी एक खरं होतं. तिच्या हातून निरोप जसाच्या तसा पोहोचत नाही हे मला माहीत होतं. मी ते माहीत असूनच तिला सांगितलं होतं, कारण तिला सांगण्यात कडुबाला विचारावं लागत नव्हतं.

आईचा माझ्याकडचा हात वर येऊ लागला. आधी मला वाटलं तिला खाजतंय. मग बोटं मास्कच्या कडेखाली गेली. ती मास्क काढत होती. तिला बोलायचं होतं. मी तिचा हात धरला, खाली घेतला, दुसऱ्या हातानं पट्टा सारखा केला. म्हणालो, "बोलू नको आई. काढायचा नाय म्हणल्यात." तिनं पुन्हा जोर केला. दीड वर्ष मशीनवर काढलेल्या बाईच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"नाय," मी कडुबाला म्हणालो. "मी कुणालाच नाय सांगितलं."

पुढची दोन-तीन वाक्यं मी तयार ठेवली होती: विसरलो, फोन करणार होतो, वाटलं एखादी खेप चालून जाईल. त्याला थोडं पटवावं लागेल असं मी धरलं होतं. लागलं नाही. त्यानं मान हलवली. चेहऱ्यावर राग आला नाही, आश्चर्यही नाही. एखादी वस्तू जिथं असेल वाटलं होतं तिथंच सापडावी तसं काहीतरी आलं आणि गेलं.

"वाटलंच मला," तो म्हणाला. मग खाली वाकून आईच्या पायांवरची चादर सारखी केली, आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेला. काचेतून मला दिसलं, सिस्टरनं त्याला काहीतरी विचारलं, त्यानं माझ्याकडं बोट केलं आणि जिन्याकडं वळला.

आईचा हात माझ्या मुठीत वर ओढत होता. यंत्रावर काढलेल्या पाण्याचा आकडा वाढत होता, आठशे, आठशे वीस. तिला काय म्हणायचंय ते मला माहीत होतं आणि ते ऐकायला आता खोलीत मीच होतो, तिनं सांगितलं असतं तरी चाललं असतं. आठशे चाळीस. हळूहळू तिची ओढ कमी होत गेली, मग थांबली, डोळे तिनं भिंतीकडं वळवले. मी मात्र तो हात गादीवर दाबून धरला होता, वेळ संपली असं सिस्टर दोनदा सांगेपर्यंत.